रॉबर्ट श्नायडर यांना, काटा लाल होऊ दिल्याबद्दल

श्री. रॉबर्ट श्नायडर यांस,
स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. पत्र मराठीत आहे, म्हणजे कुणी वाचून समजावलं तरच ते तुम्हाला कळणार. पण तुमचं काम ज्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं, ती माणसं मराठी वाचतात. पुण्यात, सांगलीत, नाशकात घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारी ही मुलं आहेत. म्हणून आभार सगळ्यांदेखत मानते आहे.

आभार आहेत ते 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' या अल्बमसाठी. गाणी जेफ मँगमची, बँड न्यूट्रल मिल्क हॉटेल, आणि १९९७ च्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत डेन्व्हरच्या पेट साउंड्स स्टुडिओत ती रेकॉर्ड करणारे तुम्ही. मँगमचं नाव सगळे घेतात आणि ते योग्यच आहे. नाझींच्या छळात मरण पावलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची डायरी वाचून हललेला तो माणूस, त्या मुलीचं दुःख पोटात घेऊन गाणी लिहीत होता. पण अशा गाण्यांना समोर बसून ऐकणारा कुणीतरी लागतो. लुइझियानातल्या रस्टन या छोट्या गावात तुम्ही, मँगम, विल कलन हार्ट आणि बिल डॉस एकत्र वाढलात, एकमेकांना कॅसेट भरून देत राहिलात, त्यातूनच पुढे एलिफंट सिक्स हा संगीतकारांचा गोतावळा उभा राहिला. १९९७ साली तुमच्या स्वतःच्या द ॲपल्स इन स्टिरिओ या बँडचाही अल्बम आला. त्याच वर्षीचा तिकडचा अख्खा उन्हाळा तुम्ही मित्राच्या गाण्यांना दिलात.

आता मुद्द्याचं. रेकॉर्डिंग शिकताना पहिला धडा मिळतो तो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, सांभाळण्याचा. मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला की हात आपोआप आवाज उतरवायला गेनच्या बटणावर जातो. तुम्ही मात्र अकूस्टिक गिटारच्या अगदी जवळ माइक लावलात, ट्यूबच्या प्रीॲम्पचा, म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, गेन चढवत नेलात आणि साधी लाकडी गिटार गुरगुरायला लागली. आवाज मुद्दाम फाडणाऱ्या डिस्टॉर्शनच्या पेडलने तेच करता आलं असतं, पण पेडलने फाटलेला आवाज वेगळा आणि माइकच्या वाटेवरच फाटलेला आवाज वेगळा. दुसऱ्यात बोटांचं तारेवरचं घासणं, पिकचा फटका, हाताचा जोर हे सगळं त्या फाटण्यासकट येतं. 'हॉलंड, १९४५' मध्ये तर अख्खा बँड एकाच वेळी खोलीची दारं ढकलतोय असं वाटतं. आणि मँगमचा आवाज! माझ्या कानांना तरी त्यावर रिव्हर्बचा, म्हणजे घुमण्याचा, पडदा लागत नाही. तो थेट तोंडासमोर येऊन गातो, आणि वरच्या पट्टीत आवाज ताणला जातो तेव्हा तो ताण तुम्ही तसाच राहू दिलात.

माझ्यासारख्या माणसाला यातून काय मिळालं ते सांगते. कंप्युटरवर रेकॉर्डिंग करताना हीच युक्ती आंधळेपणाने वापरली तर हाती नुसती कचकच येते, कारण डिजिटलमध्ये मर्यादेपलीकडचा आवाज सरळ छाटला जातो. म्हणून मी फाटणं आधीच उरकून घेते. बाहेरच्या ट्यूब प्रीॲम्पचा इनपुट चढवायचा, त्याचा आउटपुट उतरवायचा आणि आवाज कंप्युटरात नेणाऱ्या इंटरफेसमध्ये जाणारी लेव्हल सुरक्षित ठेवायची. घरी रेकॉर्ड करणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा करून पाहा. महागडं यंत्र लागत नाही. हवा तो कान, आणि 'हे बरोबर आहे' असं ठामपणे म्हणणारं कुणीतरी.

मागच्या पावसाळ्यात सांगलीकडची चार मुलं माझ्याकडे आली. मराठीत रॉक करतात. गाणाऱ्या मुलाचा आवाज अंतऱ्यात वर जाताना चिरायचा, आणि दर वेळी तो थांबून म्हणायचा, "ताई, परत घेऊया." चुकलेला सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर समोर उघडंच होतं. मी त्याला याच अल्बममधलं 'ओ कम्ली' ऐकवलं. आठ मिनिटांच्या वरचं ते गाणं मुळात माइकची लेव्हल पाहण्यापुरतं वाजवायचं होतं. मँगम थांबलाच नाही, शेवटपर्यंत गायला, आणि तुम्ही टेप चालू ठेवलीत. गाणं संपतं तेव्हा मागून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू येतं. तो बँडमधला स्कॉट स्पिलेन. कंट्रोल रूममध्ये बसून ऐकता ऐकता न राहवून ओरडला होता. तो ओरडाही तुम्ही पुसला नाहीत. सांगलीचा मुलगा ते ऐकून बराच वेळ गप्प बसला, मग हेडफोन चढवून म्हणाला, "घ्या." जो टेक आला तोच आम्ही ठेवला, चिरलेल्या आवाजासकट.

ब्रासबद्दल, म्हणजे पितळी फुंकवाद्यांबद्दल, बोललं नाही तर पत्र अपुरं राहील. तुम्ही आणि स्पिलेननी मिळून त्या वाद्यांची रचना केलीत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम अशी सगळी फुंकायची वाद्यं एकदम येतात तेव्हा मला आमच्याकडच्या वरातीतला बँड आठवतो, थोडा सैल, थोडा पुढेमागे, पण छाती भरून वाजणारा. शिवाय बँडमधल्या ज्युलियन कोस्टरने गजाने वाजवलेली करवत आहेच. हो, खरीखुरी लोखंडी करवत. एवढी वाद्यं एका गाण्यात कोंबली की शब्द बुडतात, निदान बुडायला हवेत. इथे बुडत नाहीत. गिटार आणि गळा सगळ्यात पुढे आणि बाकीचं जग त्यांच्या मागे, अशी तुमची मांडणी आहे. मला वाटतं, निर्माता म्हणून तुमचं सगळ्यात मोठं काम हेच.

फेब्रुवारी १९९८ मध्ये मर्ज रेकॉर्ड्स या कंपनीने अल्बम काढला तेव्हा सुमारे साडेपाच हजार सीडी आणि सोळाशे रेकॉर्डच छापल्या होत्या. परीक्षणं बरी आली, त्यापलीकडे फारसं काही नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाने तीन तारे दिले. 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटने दहापैकी ८.७ गुण दिले आणि २००५ मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्याच 'पिचफोर्क'ने दहापैकी दहा दिले. मधल्या काळात बँड थांबला होता, मँगम लोकांपासून दूर गेला होता, दौरे, मुलाखती जवळजवळ बंदच. अल्बम पसरला तो एकाने दुसऱ्याच्या हातात ठेवल्यामुळे. माझ्याकडेही तो तसाच आला, कॉलेजमधल्या एका मैत्रिणीच्या पेन ड्राइव्हमधून. बँडची नवी मुलं पहिल्या आठवड्यातले आकडे बघून खचतात तेव्हा मी त्यांना ही सात वर्षांची गोष्ट सांगते.

तुमचं आणखी एक ऋण आहे, आणि ते संगीताच्या बाहेरचं. स्टुडिओतलं बिघडलेलं टेप मशीन दुरुस्त करता करता तुम्हाला ओहमचा नियम भेटला आणि तिथून गणिताचा नाद लागला. बँड चालवणारा माणूस पुन्हा शिकायला बसला आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातून गणितज्ञ केन ओनो यांच्याकडे पीएचडी झाला. विषय होता संख्यांच्या विभाजनांचा. चार ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे मांडता येते. संख्या वाढत जाते तसे हे प्रकार भराभर वाढतात, आणि त्या वाढीतली शिस्त शोधण्यात आमच्या श्रीनिवास रामानुजन यांनी आयुष्यातली मोलाची वर्षं घातली. स्टुडिओतल्या टेप मशीनपासून निघून तुम्ही रामानुजन यांच्या वाटेवर पोचलात हे कळलं, त्या दिवशी मी घरात सगळ्यांना ते सांगत सुटले होते. माझी आई निवृत्त गणित शिक्षिका. रॉक तिला सोसवत नाही. त्या संध्याकाळी मात्र तिने स्वतःहून तुमचा अल्बम लावायला सांगितला आणि करवतीचा आवाज येताच डोळे मिटून ऐकत बसली.

सांगलीच्या मुलांचं काम आता संपत आलं आहे. अल्बमच्या आभारांत तुमचं नाव घालायचं असं त्यांनी एकमताने ठरवलं आहे. तुमची परवानगी विचारायला पत्ता नाही, म्हणून ती इथेच मागते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक रेकॉर्डिस्ट