या थंडीत ठाण्याला येणं होत नाही

मिसिसागा, ओंटारिओ
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास आणि सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "तिकीट काढलंस का?" आणि मी विषय बदलला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलं आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच बोलला असतास, वहिनींनी फोन घेतला असता आणि मुद्दा राहूनच गेला असता. म्हणून लिहूनच कळवते. या थंडीत मी ठाण्याला येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन इथेच करून घ्यायचं ठरवलं आहे.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. नौपाड्यातून रिक्षात बसलं की दहा मिनिटांत सर्जनसमोर, आणि पंधरा दिवसांत गुडघा नवा. यात खोटं काहीच नाही. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, ती बातमीही तूच मला तेव्हा वाचून दाखवली होतीस. इकडे मी फेब्रुवारीत पडले, आता दिवाळी आली, आणि हातात अजून तारीख नाही. या वाट पाहण्याचा मला त्रास होतो, रात्री कूस बदलताना तर फारच होतो. तरीही इथेच का, ते सांगते.

त्या फेब्रुवारीतल्या रात्रीचं मी तुम्हाला पुरतं सांगितलेलं नाही. घरासमोरच्या पत्रपेटीतून टपाल आणायला म्हणून गेले. जमीन नुसती ओली दिसत होती. ते पाणी नव्हतं, काचेसारखा गोठलेला बर्फ होता. ब्लॅक आइस म्हणतात त्याला, डोळ्यांना दिसतच नाही. उजव्या गुडघ्यावर आदळले. अमेयने उचलून गाडीत बसवलं आणि इमर्जन्सीत नेलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. नर्सने हातात पट्टी अडकवली, ब्लडप्रेशर घेतलं, बोटातून साखर पाहिली आणि विचारलं, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

दादा, मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. आई काय विचारायची आठवतं ना? "ठणकतंय, की चमक मारतेय? कळ येते, की नुसती रग लागलीय?" आणि उत्तर ऐकून ती ठरवायची, शेकायचं की लेप लावायचा. तिथे माझ्याकडून मागितला तो एक आकडा. मी "सात" म्हणून मोकळी झाले. इंग्रजी मला येत नाही असं नाही, पण अंगात कळा येत असताना परकी भाषा जिभेवर येत नाही. अमेयलाही "ठसठस"ला शब्द सुचेना.

मग सात तास बसून. इथे आलेल्या माणसाला पाच पायऱ्यांपैकी एक देतात, पहिली म्हणजे जीव धोक्यात, पाचवी म्हणजे थांबलं तरी चालेल. माझी चौथी. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसले होते. बर्फाची पिशवीसुद्धा अमेयने दोनदा मागितल्यावर मिळाली, याचा मला राग आला आणि अजून आहे. पण त्याच सात तासांत एक माणूस छाती धरून आत आला आणि त्याला क्षणात आत घेतलं. त्याच्या बायकोला कोणी काउंटरवर पाठवलं नाही. मला तेव्हा यांची रात्र आठवली. आत यांना ऑक्सिजन लावलेला, आणि बाहेर डिपॉझिट भरल्याशिवाय पुढचं काही होणार नाही म्हणून तू कपाटातले चाळीस हजार आणि शेजाऱ्यांचे वीस घेऊन रात्री अडीच वाजता धावत आलास. मी तिथे खुर्चीवर बसून त्या बाईकडे बघत होते. पैशांचा विचार तिच्या चेहऱ्यावर नव्हता. नवऱ्याची काळजी तेवढी होती.

दीड वाजता डॉक्टर आली. तिने विचारलं, दुभाषा हवा का? आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून बाईचा आवाज आला, "नमस्कार, बोला, काय होतंय तुम्हाला?" अस्सल मराठी. मला रडू कोसळलं. मग मी सगळं सांगितलं. वाकवताना आतून कळ जाते, बसून राहिलं की ठणकतं, आणि जिना उतरताना गुडघा दगा देतो, हे पडायच्या आधीपासूनच, वर्षभर. डॉक्टर लिहायची थांबली. "पडायच्या आधीपासून?" त्या एका वाक्यावरून तिने एक्स-रेकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. हाड मोडलं नव्हतं, पण सांध्यातली गादी झिजून हाडाला हाड लागत होतं. साडेतीनला आम्ही बाहेर पडलो. हेल्थ कार्ड आत जातानाच दाखवलं होतं, जाताना कोणी काही मागितलं नाही.

हे कार्ड हातात यायला मात्र चार वर्षं गेली, ते विसरू नका. २०१८ मध्ये सुपर व्हिसावर, म्हणजे इथल्या मुलांच्या आईवडिलांसाठी असलेल्या लांब मुदतीच्या व्हिसावर आले तेव्हा कमीत कमी १ लाख डॉलरचा खासगी विमा स्वतःच्या पैशाने घ्यावाच लागला. मधुमेहामुळे हप्ता आणखी चढा. त्या वर्षांत अंग दुखलं तरी मी सांगत नव्हते, आधीचं दुखणं म्हणून विमा कंपनी हात झटकेल या भीतीने. पुढे आईवडिलांना बोलावण्याच्या सोडतीत अमेयचं नाव निघालं आणि २०२२ मध्ये मला कायम राहण्याचा परवाना मिळाला. मग ओहिप, म्हणजे ओंटारिओच्या सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड. कार्ड आलं तरी फॅमिली डॉक्टर मिळायला चौदा महिने लागले. तोवर वॉक-इन क्लिनिक, म्हणजे वेळ न ठरवता जायचा दवाखाना. दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. तेव्हापासून मी निळी फाइल ठेवते. औषधं, रिपोर्ट, तारखा, सगळं माझ्या हाताने लिहिलेलं. वहिनी, तुम्हीही दादाची अशी एक फाइल कराच.

गुडघ्यासाठी इथे थेट सर्जनकडे जाता येत नाही. फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिली, मग एका केंद्रात विशेष शिकलेल्या फिजिओथेरपिस्टने पाऊण तास पाय वाकवून, चालवून, जिना चढवून पाहिलं. ऑपरेशन लागेल का, की व्यायामावर भागेल, हे आधी ती ठरवते. जुलैत सर्जनने पाहिलं आणि यादीत नाव घातलं. सर्जनने ठरवल्यापासून २६ आठवड्यांत गुडघा बदलला जावा असा मापदंड या देशाने ठरवलेला आहे, पण तो सगळ्यांच्या बाबतीत पाळला जात नाही. माझं जानेवारी-फेब्रुवारीत होईल असं म्हणाले. तारीख आली की ती सोडता येत नाही, म्हणून या थंडीत येणं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ठाण्यात का नाही? पहिलं कारण जिना. तुमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि रिडेव्हलपमेंटचे कागद अजून सह्यांवर अडकलेले. ऑपरेशननंतर पहिले दीड-दोन महिने मी त्या जिन्यावरून व्यायामाला रोज वर-खाली कशी करणार? दुसरं कारण वहिनी. तुम्ही "या हो, मी आहे ना" म्हणता, पण तुमचेही गुडघे दुखतात. दादाचं पथ्य, त्याचं इन्सुलिन, आणि वर माझी उठबस हे मी तुमच्या अंगावर टाकणार नाही. तिसरं, ऑपरेशननंतर लगेच वीस-बावीस तासांचा विमानप्रवास म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. आणि ओहिप परदेशातल्या हॉस्पिटलच्या खर्चापोटी फार थोडं देतं, तेही अचानक आजारी पडलं तरच. ठरवून केलेल्या ऑपरेशनला काहीच नाही. इथे ६५ वर्षांपुढच्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकारी मान्यतेच्या केंद्रात फिजिओथेरपी फुकट मिळते. गुडघ्याचं अर्धं काम सर्जन करतो आणि अर्धं पुढचे तीन महिने व्यायाम करतो, हे मला आता पक्कं कळलं आहे.

परवा लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात टॉमी डग्लस यांच्याविषयी वाचलं. लहानपणी त्यांच्या गुडघ्याला झालेल्या जखमेतून हाडात संसर्ग गेला. घरची गरिबी, पाय कापायची वेळ आली. एका सर्जनने विद्यार्थ्यांना पाहू द्यायच्या अटीवर फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. हाच मुलगा पुढे सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला आणि सगळ्यांना औषधोपचार मिळावेत म्हणून झगडला. १ जुलै १९६२ ला तिथे योजना सुरू झाली, पुढे ती देशभर पसरली. एका गुडघ्यावरून हे सगळं झालं म्हणायचं. मी ते दोनदा वाचलं.

रोजचं म्हणशील तर ठीक चाललं आहे. पुढच्या महिन्यापासून बाहेर चालणं बंद, मग सकाळी मॉल उघडला की आत फेऱ्या. आमच्यासारखे पंधरा-वीस जण असतात, गुजराती, पंजाबी, एक श्रीलंकेच्या आजी. तलावपाळीच्या फेरीची सर नाही, पण पायाखाली सपाट आणि कोरडं असतं. मधुमेहाच्या गोळ्यांना माझं उत्पन्न कमी म्हणून दर चिठ्ठीला जास्तीत जास्त २ डॉलर पडतात. दात मात्र ओहिपमध्ये येत नाहीत. केंद्र सरकारची दंतयोजना गेल्या वर्षी ६५ वर्षांपुढच्यांना खुली झाली तेव्हा माझ्या दाढेचं काम झालं. त्यासाठी दर वर्षी कराचा फॉर्म भरलेला असावा लागतो, उत्पन्न काही नसलं तरी. तीन महिन्यांची साखर ८.१ होती, ती ७.२ वर आणली आहे. सर्जनची अटच आहे. आणि वजन चार किलो उतरवलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. वहिनी, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच आकडे मोजायचे, दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं. दुखलं तर थांबायचं. आजपासून सुरू करा.

दादा, आता तुझ्यावर रागवायचं आहे. गेल्या महिन्यात खोकला झाला म्हणून केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून तीन दिवसांत सोडून दिलंस ना? इथे माझा डोळा लाल झाला तेव्हा फार्मसिस्टनेच तपासून थेंब लिहून दिले. २०२३ पासून इथल्या फार्मसिस्टना काही किरकोळ दुखण्यांवर औषध लिहून द्यायची परवानगी आहे. पण तो नोंद ठेवतो आणि गरज नसेल तर नाही म्हणतो. तू दुकानात नाव सांगतोस आणि मिळतं. डॉक्टर खाली तळमजल्यावर बसतात तुमच्या, दादा! मला एका डॉक्टरसाठी चौदा महिने लागले.

आणि ते कार्ड. मी तीनदा सांगितलं, तू तीनदा "बघू" म्हणालास. ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, वर्ष होत आलं. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. तू चौऱ्याहत्तरचा, वहिनी सप्टेंबरात सत्तर पूर्ण झाल्या, दोघांना मिळून ही रक्कम. तुझी वागळे इस्टेटच्या कंपनीतल्या दिवसांपासून चालत आलेली मेडिक्लेम पॉलिसी असली तरी हेही घेता येतं. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल लागतो, आयुष्मान ॲपवर होतं. शेजारच्या मुलाला बसव अर्धा तास. ठाण्यातली कोणती हॉस्पिटलं त्यात आहेत हे १४५५५ वर विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. रात्री अडीच वाजता तुला कोणाच्या दारात उसने मागायला जावं लागू नये, एवढंच मला हवं आहे.

माझं येणं पुढच्या नोव्हेंबरला, २०२६ मध्ये. कार्ड टिकवायचं तर बारा महिन्यांत निदान १५३ दिवस ओंटारिओत असावं लागतं, म्हणजे मी पाडव्यापर्यंत निवांत राहू शकते. शोभायात्रा बघायची आहे, कोपिनेश्वराला जायचं आहे, आणि गडकरी रंगायतनला एक तरी नाटक. तुमच्या जिन्याचं काय करायचं ते तोवर बघू. दोन्ही गुडघ्यांवर चढून येईन.

खोली माझ्यासाठी आवरून ठेवली आहे असं वहिनी म्हणाल्या. ती आवरलेलीच राहू दे.

तुमची,
माई

ता. क. इथली घड्याळं २ नोव्हेंबरला एक तास मागे जातील. तेव्हा तुमच्या सकाळी साडेसातला इथे रात्रीचे दहा नसतील, नऊ असतील. त्या रविवारपासून तुम्ही नेहमीच्या वेळीच फोन करा, मी जागी असेन. आणि फोन कराल तेव्हा कार्डाचा नंबर हाताशी ठेवा, मी लिहून घेणार आहे.