तक्रार करणाऱ्याची डायलिसिसची पाळी चुकू नये

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पूर्व उपनगरातील एका खासगी रुग्णालयात माझ्या वडिलांचे डायलिसिस राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून आठवड्याला तीनदा होत असे. पावसाळ्यात लोकल बंद पडल्याने एका महिन्यात त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या. महिनाअखेरीस सहीसाठी पुढे आलेल्या दाव्याच्या कागदावर १३ डायलिसिस लिहिली होती. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेल्या खुणा ११ भरल्या. मी थांबलो, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "सही कर बाबा. परवा सुई यांच्याच हातून टोचून घ्यायची आहे." मी सही केली. वडील आता नाहीत, म्हणूनच हे लिहू शकतो आहे.

हेल्पलाइनचा १५५३८८ हा क्रमांक आम्हाला पाठ होता. म्हणजे अडचण माहितीची नव्हती, ज्यांच्या हाती जीव त्यांच्याविरुद्ध बोलण्याची होती. वॉर्डात इतरांशी बोललो, तर "आपल्या खिशातून कुठे जातंय, सरकारचे पैसे आहेत" हेच उत्तर मिळाले. याच लोकांकडून वरून दोन हजार रुपये मागितले असते, तर त्यांनी गोंधळ घातला असता. वास्तविक ५ लाखांचे वार्षिक संरक्षण अख्ख्या कुटुंबाचे मिळून असते, त्यामुळे खोटा दावा त्याच घरातल्या दुसऱ्या आजाऱ्याच्या वाट्यातून जातो; पण हे रुग्णांना कोणी सांगत नाही.

म्हणून विनंती अशी की, बँकेतून पैसे निघाले की जसा मेसेज येतो, तसा प्रत्येक दाव्यानंतर कोणता उपचार, किती वेळा, किती रक्कम आणि किती शिल्लक, हे रुग्णाच्या मोबाइलवर सोप्या मराठीत कळवावे. तक्रारदाराचे नाव रुग्णालयाला कळू नये, आणि चौकशी सुरू होताच त्याचे उपचार जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात एकही पाळी न चुकता चालू राहतील, अशी लेखी हमी असावी. अमेरिकेत सरकारी पैशाची लूट उघड करणाऱ्याला वसुलीतील १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. आमच्या वॉर्डातल्या माणसांना बक्षिसापेक्षा ही हमी मोठी वाटली असती. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा केंद्रीय कायदा संमत होऊनही अंमलात आलेला नाही, म्हणून ही हमी योजनेच्या नियमांतच घालावी.

आईच्या खुणांचे ते कॅलेंडर घरी जपून ठेवले आहे. आपल्या विभागाने मागितल्यास मी ते स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
भांडुप येथील एक नागरिक