आधी बळ्ळारी नाल्याची हद्द दाखवा, मग निधीचे फलक लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगावच्या वडगाव शिवारात माझी सव्वीस गुंठे जमीन आहे. वडिलांनी हातमागावर शहापुरी साड्या विणून, पै-पै साठवून ती घेतली. मीही चाळीस वर्षं माग चालवला आणि सकाळ-संध्याकाळ शेत केलं. खरिपात भात, ते निघालं की त्याच ओलीवर मसूर किंवा वाटाणा. आज अडुसष्टाव्या वर्षी माग बंद आहे. शेत अजून करतो, म्हणजे शेजारून वाहणारा बळ्ळारी नाला करू देईल तेवढं.

बळ्ळारी नाल्याला पूर पूर्वीही यायचा. माझ्या लहानपणी रात्री चढलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपार कलेपर्यंत उतरायचं आणि मागे गाळ ठेवून जायचं. त्या गाळावर भात जोमानं यायचं, म्हणून म्हातारी माणसं पुराला शिव्या देत नसत. आता पाणी आठ-आठ दिवस जागचं हलत नाही. चार दिवस बुडालेलं रोप कुजतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मागच्या काही वर्षांत मी कधी दुबार पेरणी केली, कधी दुसऱ्या गावाहून रोप आणून लावलं, आणि एका वर्षी तर शेत तसंच पड ठेवलं.

कारण शोधायला मोठा इंजिनिअर लागत नाही. शहरातले रस्ते काँक्रीटचे झाले, दारापुढच्या अंगणांत पेव्हर बसले. जो पाऊस जमिनीत मुरायचा तो आता गटारांतून तासाभरात नाल्यात येतो. लेंडी नाल्याचं पाणीही फिरून इकडेच येतं. इकडे नाल्यात गाळ, जलपर्णी, प्लॅस्टिक. काठच्या शेतांत मातीचे भराव टाकून प्लॉट पडलेत. पाणी यायची वाट रुंद झाली आणि जायची वाट अरुंद झाली, तर ते आमच्या भातात थांबणार नाही तर कुठं?

त्या प्लॉटांवर घरं बांधलेल्यांवर माझा राग नाही. बाँडवर, म्हणजे खरेदीखत न होता नुसत्या स्टॅम्पपेपरवर, प्लॉट घेतलेली ही माणसं आमच्यातलीच आहेत. कुणी मागावर काम करणारा, कुणी उद्यमबागेत फौंड्रीत जाणारा. गल्लीतलं घर भावाभावांत पुरेना म्हणून दागिने मोडून त्यांनी दोन गुंठे घेतले. 2025 मध्ये राज्य सरकारनं अशा मिळकतींना बी-खाता, म्हणजे अनधिकृत मिळकतींच्या वेगळ्या नोंदीचा उतारा, द्यायची मोहीम काढली, ते बरंच झालं. पण खाता हातात आला म्हणून घरात शिरणारं पाणी थांबत नाही. त्यांचा आणि आमचा प्रश्न एकच आहे, आणि तो नाल्याचा आहे.

आता पैशाचं बोलतो. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हा मलाही अभिमान वाटला होता. केंद्राचे 500 कोटी आणि राज्याकडून तितकेच, अशी ती योजना. रस्ते झाले, पदपथ झाले, खांबावर शोभेचे दिवे लागले. काही कामं चांगली आहेत, तेही मी म्हणतो. पण हा पैसा महापालिकेच्या सभागृहातून खर्च होत नव्हता. त्यासाठी कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची, असा या योजनेचा नियमच होता. अशा कंपनीत निम्मा वाटा महापालिकेचा असतो. म्हणजे तुमचा-आमचा. तरी मतदारानं नगरसेवकाला विचारावं तर तो म्हणणार, काम कंपनीचं आहे.

आणि विचारायला नगरसेवक तरी कुठं होता? मार्च 2019 मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली. ऑगस्ट 2019 चा महापूर आला तेव्हा सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. सप्टेंबर 2021 मध्ये 58 प्रभागांची निवडणूक झाली, पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर. निवडून आलेल्यांना महापौर मिळाला तो थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. जवळजवळ चार वर्षं, आणि नेमकी याच काळात शहरभर खोदाई चालली होती. मार्च 2025 ला स्मार्ट सिटी योजनाही संपली. आता पुढचा निधी येईल तेव्हा फलक लागतील आणि कुणाच्या प्रयत्नानं आला यावर भांडणं होतील. निधी कुणी आणला याच्याशी मला देणंघेणं नाही. तो नाल्यापर्यंत पोचणार की नाही, एवढंच मला कळायला हवं.

नगर नियोजनाच्या कायद्यात निदान दहा वर्षांनी शहराच्या आराखड्याची उजळणी सांगितली आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. कागदावर हे सगळं आहे. पण नकाशा एका कचेरीच्या भिंतीवर, तोही कन्नड नाहीतर इंग्रजीत. पिवळा रंग कशाचा, हिरवा कशाचा, आपला सर्व्हे नंबर कुठल्या रंगात गेला, हे कुणाला विचारायचं? काही वर्षांपूर्वी मी शेतातल्या पाण्याची तक्रार मराठीत लिहून एका कचेरीत नेली. कन्नडमधून आणा, असं सांगून ती खिडकीतूनच परत केली. नातवाकडून लिहून घेऊन पुन्हा गेलो, तोवर भात कुजून गेलं होतं. राज्यघटनेच्या 350 व्या कलमात तक्रारीचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या वापरातल्या कोणत्याही भाषेत देता येतो असं म्हटलंय, हे मला फार उशिरा कळलं. कन्नड भाषेशी माझं वैर नाही. शेजारच्या शेतातला मालक कन्नडच बोलतो आणि त्याचंही भात माझ्याबरोबरच बुडतं.

सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागावा ही माझीही इच्छा आहे. पण तोवर आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनीही नाल्याचा प्रश्न दुसऱ्यांवर सोडू नये. सत्तेवर असलेल्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या नगरसेवकांनाही माझं हेच सांगणं आहे.

नाल्याची मोजणी करून दोन्ही काठांना हद्दीचे दगड रोवा. कुठल्याही नव्या ले-आऊटला मंजुरी देण्याआधी त्याचं पावसाचं पाणी कुठं जाणार ते लेखी घ्या. आराखड्याचा आमच्या भागाचा नकाशा वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, अनगोळ इथं सर्व्हे नंबरांसह मराठीतही लावा, आणि हरकती संध्याकाळी घ्या, माणसं कामावरून घरी आल्यावर. गाळ मात्र मिरगाच्या आधी निघाला पाहिजे. आम्ही धूळवाफ पेरणी उरकतो आणि मग भर पावसात जेसीबी नाल्यात उतरतं, याचा काय उपयोग?

माझ्या शेतातल्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या छातीएवढी. कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकानं, अधिकाऱ्यानं यावं. सकाळी दहापर्यंत मी शेतावरच असतो.

आपला,
एक शेतकरी, वडगाव, बेळगाव