परवान्याच्या चाचणीत नापास झालेले मूल आणि आपण पालक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास आपल्यासह बहुतेक मराठी दैनिकांत समुपदेशकांचे लेख येतात, मदतीचे दूरध्वनी क्रमांक छापले जातात आणि कमी गुण मिळालेल्या मुलांशी पालकांनी कसे बोलावे, हे आवर्जून सांगितले जाते. या लेखांचा उपयोग होतो, हे मी मोठ्या मुलाच्या वेळी अनुभवले आहे. मात्र अठरा वर्षे पूर्ण झाली की आपली मुले आणखी एक परीक्षा देतात. ती आरटीओच्या मैदानावर होते, आणि तीत नापास झालेल्या मुलाशी घरच्यांनी कसे वागावे, याविषयी मी आजवर कुठे एक ओळही वाचलेली नाही. गेल्या महिन्यात माझी मुलगी चारचाकीच्या चाचणीत नापास झाली. त्यानंतरच्या काही दिवसांत आमच्या घरात आम्ही मोठ्या माणसांनी ज्या चुका केल्या आणि त्या ज्या रीतीने उमगल्या, ते इतर पालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी मी मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभी होते. चढावर गाडी थांबवून ती पुन्हा पुढे न्यायची होती. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा ती सुरू झाली, पण पुढे जाण्याआधी हातभर मागे घरंगळली. त्यानंतर ‘एच’ आकाराच्या आखलेल्या मार्गातून गाडी काढताना मागचे चाक रेषेवर गेले आणि चाचणी तिथेच संपली. परत येताना मुलगी एक शब्दही बोलली नाही. गाडी आमच्या दारात थांबली, ड्रायव्हिंग स्कूलचे सर उतरले, मी उतरले, तरी ती मागच्या सीटवर पट्टा न सोडता बसून होती. शिकाऊ परवान्याच्या कागदाला तिने वाटेत इतक्या घड्या घातल्या होत्या की त्याची बोटाएवढी जाड पट्टी झाली होती. बारावीला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले, तेव्हा हीच मुलगी मोकळेपणाने रडली होती आणि रात्री जेवली होती. या वेळी ती रडली नाही, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटली.

संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पोहोचली. एका ज्येष्ठ नातेवाइकांनी लिहिले, “चला, गावातली माणसं वाचली.” त्याखाली नऊ जणांनी हसरे चेहरे टाकले. ‘मुलींना रिव्हर्स जमतच नाही’ हे वाक्य दोन दिवसांत मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरातला एक मुलगा याच चाचणीत नापास झाला होता, तेव्हा त्याला सर्वांनी “होतं रे, पुढच्या वेळी निघेल” असे म्हटले होते. हा फरक माझ्या मुलीच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करण्यासारखे आहे. असे बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला ठाऊक आहे, पण ज्या मुलीला पुन्हा त्याच मैदानावर, त्याच चढावर, अनोळखी अधिकाऱ्याला शेजारी बसवून गाडी न्यायची आहे, तिच्या हातांत ते हसरे चेहरे थरकाप होऊन उतरतात.

माझी स्वतःची चूक वेगळी होती. तिला बरे वाटावे म्हणून मी म्हणाले, “तो इन्स्पेक्टरच खडूस दिसत होता, तुझी काही चूक नाही.” तिने माझ्याकडे पाहिले आणि दिवसभरातले पहिले वाक्य उच्चारले, “आई, गाडी खरंच मागे गेली. मागे कोणी उभं असतं तर?” मला उत्तर सुचले नाही. बारावीत गुण कमी पडले तर नुकसान त्या मुलापुरते असते. इथे मात्र तिच्या मागे उभा असलेला सायकलस्वार, शाळेतून घरी निघालेली पोरे, हातगाडीवाला अशा सगळ्यांचा तिच्या निकालाशी संबंध आहे. तिला हे कळले होते, आणि मी मायेपोटी तेच तिच्याकडून काढून घेऊ पाहत होते. धीर देणे आणि निकाल खोटा ठरवणे या दोन गोष्टी आपण पालक फार सहज एक करून टाकतो.

त्याच रात्री शेजारच्या गृहस्थांनी दुसरा मार्ग सुचवला. “कशाला पोरीला पुन्हा पुन्हा त्रास देता? आमच्या ओळखीचा एजंट आहे, थोडे जास्त पैसे गेले तरी पक्कं लायसन्स घरपोच येईल.” हे मला नवीन नव्हते. माझा स्वतःचा परवाना २००१ साली लग्नाच्या गडबडीत अशाच मार्गाने आला होता. मी अर्जावर सही केली, फोटोसाठी खुर्चीत बसले, आणि कोणीही मला स्टिअरिंगला हात लावायला सांगितले नाही. परवाना हातात आल्यावर सगळ्यांनी माझे अभिनंदन केले. त्यानंतर मी एकदाच, सासरी जाताना, घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी चालवली. समोरून मालट्रक आला तेव्हा ब्रेक आणि क्लच यांतले आधी काय दाबायचे हे मला आठवेना, आणि माझ्या यजमानांनी बाजूच्या सीटवरून स्टिअरिंग ओढले म्हणून आम्ही वाचलो. पुढे मी परवान्याचे नूतनीकरण केले, पण गाडीला पुन्हा हात लावला नाही. मला कोणी नापास केले असते तर कदाचित मी शिकले असते. ही गोष्ट मी त्या रात्री मुलीला पहिल्यांदा सांगितली, आणि त्यानंतर एजंटचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरात रस्ते अपघातांमध्ये १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतल्या किती अपघातांमागे न दिलेली चाचणी होती हे तो आकडा सांगत नाही, पण माझ्यासारखे परवाने पर्समध्ये घेऊन किती माणसे रोज रस्त्यावर उतरत असतील, या विचाराने माझी झोप उडते.

नापास होण्याविषयी कायदा काय म्हणतो, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते, आणि या अज्ञानामुळेच मुलीला सगळे संपल्यासारखे वाटत होते. प्रत्यक्षात मोटार वाहन कायदा, १९८८ या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. चाचणीत अपयशी ठरलेल्या उमेदवाराला सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. सलग तीन वेळा अपयश आले तरच शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावे लागते. फेरचाचणीचे शुल्क प्रत्येक वाहनप्रकारासाठी ३०० रुपये आहे. नापास झाल्याने शिकाऊ परवाना रद्द होत नाही, तो सहा महिने वैध असतो, आणि त्या मुदतीत पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसवून, गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावून सराव करण्याची पूर्ण मुभा असते. थोडक्यात, त्या संध्याकाळी तिचे काहीही हिरावले गेले नव्हते. हे मी तिला वाचून दाखवले तेव्हा तिने त्या कागदाची पट्टी उलगडून वहीत सपाट करून ठेवली.

आता मुलगी का नापास झाली, याकडे येते. निकाल देताना तिला कारण सांगितले गेले नाही. गाडी मागे जाण्यामागचे खरे कारण आम्हाला शोधावे लागले, आणि ते तिच्या भावाने मामाला फोन केल्यावर सापडले. माझा भाऊ एसटीत चालक आहे आणि गेली पंचवीस वर्षे घाटात गाडी चालवतो. त्याने मुलीला एकच प्रश्न विचारला, “क्लासच्या गाडीत चढावर क्लच कोण दाबायचं?” ती विचारात पडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, हे आपण सगळे जाणतो. सुरक्षिततेसाठी ते हवेतच. पण गर्दीच्या रस्त्यावर गाडी बंद पडू नये, मागचे हॉर्न वाजू नयेत आणि अर्ध्या तासात दुसरा विद्यार्थी गाडीत बसवता यावा, म्हणून सर सतत स्वतःच्याच पायाने गाडी सांभाळत होते. मुलीला वाटत होते की आपण चालवतो आहोत. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शाळेने खासगी वाहनासाठी किमान २१ दिवस आणि त्यांत प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास शिकवणे अपेक्षित आहे. माझ्या मुलीच्या वाट्याला स्वतःच्या पायांनी गाडी चालवण्याचे किती तास आले असतील, याचा हिशेब मांडायला मला धीर होत नाही. फी भरताना मी हे विचारले नव्हते, ती माझी चूक आहे.

पुढच्या रविवारी पहाटे मामा आला आणि आमच्या साध्या, एकाच ब्रेकच्या गाडीत तिच्या शेजारी बसला. मी मागे बसले. एमआयडीसीतला रस्ता मोकळा होता. तिथे एका गोदामाकडे जाणारा छोटा चढ आहे. त्यावर गाडी लावून तो म्हणाला, “आता ही गाडी मुद्दाम बंद पाड.” तिला वाटले, तो रागावला आहे. त्याने पुन्हा तेच सांगितले. तिने क्लच झटकन सोडला, गाडीने हिसका दिला आणि ती बंद पडली. “परत.” असे तिने वीसेक वेळा केले. दहाव्या वेळेनंतर हिसका बसल्यावर तिचे खांदे वर जायचे थांबले, ते मी मागून पाहिले. मग त्याने हँडब्रेक ओढायला लावला, काच खाली करायला सांगितली आणि म्हणाला, “आता पाय हळू उचल आणि आवाज ऐक. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटलं, की हँडब्रेक सोड.” तिने दोन वेळा घाई केली. तिसऱ्यांदा गाडी बोटभरही मागे न जाता चढावर सरकली. मामाने शाबासकी दिली नाही, फक्त म्हणाला, “हं, आता पुन्हा खाली घे.” घरी आल्यावर ती दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

हा प्रसंग सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, या वयाच्या मुलांना आधार देणे म्हणजे नेमके काय, हे मला त्या गाडीच्या मागच्या सीटवर कळले. तिला जे जमले नव्हते, त्याचा लहानात लहान तुकडा करून तो तिच्या हातात देणारा, शेजारी बसलेला आणि तिच्यावर न हसणारा एक माणूस तिला हवा होता. प्रत्येक घरात एसटीचालक मामा नसतो, हे खरे. पण नीट गाडी चालवणारे, रविवारची सकाळ मोकळी असलेले आणि आवाज न चढवणारे एखादे माणूस नात्यात किंवा शेजारात बहुधा सापडते. वडिलांनीच शिकवले पाहिजे असेही नाही. माझ्या यजमानांनी एकदा प्रयत्न केला आणि दोन गल्ल्यांतच दोघांचे वाजले. त्यांनी ते मनमोकळेपणाने मान्य करून मामाला जागा दिली, याचे मला कौतुक वाटते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मुले क्लासला जायच्या सोयीसाठी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच स्कूटर पळवू लागतात आणि किल्ली त्यांना आपणच देतो. सोळाव्या वर्षी कायद्याने चालते ती केवळ ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, तीही पालकांच्या संमतीने परवाना काढून, आणि तशा गाड्या आज रस्त्यावर क्वचितच दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. शिक्षेपेक्षा मला वेगळीच काळजी वाटते. तीन वर्षे परवान्याविना गाडी चालवलेल्या मुलाला अठराव्या वर्षी चाचणीत नापास केले, तर तो निकाल त्याला अपमान वाटतो, कारण ‘मला येतेच’ हे आपणच त्याला आधी पटवून दिलेले असते. अशा मुलाला नापास झाल्यावर समजावणे फार कठीण जाते. तेव्हाही पक्का परवाना येईपर्यंत किल्ली कपाटात राहील, एवढे पालकांनी ठामपणे आणि न रागावता सांगितलेच पाहिजे.

परिवहन विभागाला माझी नम्र विनंती आहे की, नापास झालेल्या प्रत्येक उमेदवाराला कारण लिहिलेली छोटी चिठ्ठी द्यावी. ‘चढावर गाडी मागे आली’, ‘वळताना इंडिकेटर दिला नाही’, ‘आरसा पाहिला नाही’, इतकेच पुरे. चाचणीत काय काय पाहायचे, हे नियमांत सविस्तर लिहिलेलेच आहे, त्यामुळे अधिकाऱ्यांना नवे काही ठरवावे लागणार नाही. कारण हातात असले की मूल सरावाला लागते आणि एजंटचे बोलणे आपोआप मागे पडते. आपणही निकालांच्या दिवसांत जसे लेख छापता तसा एखादा लेख, सात दिवसांच्या आणि साठ दिवसांच्या नियमासह, अठरा वर्षे पूर्ण होत असलेल्या मुलांच्या घरांसाठी छापावा, ही आपणास विनंती.

मुलीची दुसरी चाचणी येत्या मंगळवारी आहे. या वेळी मी कुंपणाजवळ उभी राहू नये, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर थांबावे, असे तिने मला सांगितले आहे, आणि मी ते मान्य केले आहे. ती पास होवो वा न होवो, बुधवारी सकाळी साडेपाचला मामा यायचा आहे. या खेपेला त्या चढावर त्याच्या शेजारी मला बसायचे आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)