'गॅस संपला' म्हणण्याआधी सेन्सर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की फ्रॉस्ट-फ्री फ्रीजबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते: वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ होतो, पण खालच्या कप्प्यात ठेवलेले दूध नासते. घरी आलेला मेकॅनिक बहुधा 'गॅस संपला' किंवा 'पीसीबी (फ्रीजचे काम नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला' असे सांगतो आणि दोन्हींचा खर्च काही हजारांवर जातो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड अनेक वर्षे शिकवलेला माणूस या नात्याने मला नोंदवावेसे वाटते की, या लक्षणामागे पुष्कळदा डीफ्रॉस्टचा, म्हणजे साचलेले हिम आपोआप वितळवण्याच्या यंत्रणेचा, बिघाड असतो आणि त्यातही काही शे रुपयांचा तापमान-सेन्सर दोषी असू शकतो. मात्र तो मोजून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

या फ्रीजमध्ये थंडावा देणारी कॉइल फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड असते आणि एकच पंखा तिच्यावरची गार हवा वर आणि खाली पोहोचवतो. दार उघडताना आत शिरलेली दमट हवा कॉइलवर हिमाच्या रूपाने साचते. ते वितळवण्यासाठी पीसीबी ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबवून हीटर चालू करतो, आणि कॉइलचे तापमान शून्याच्या काही अंश वर गेल्याचे तिला लावलेल्या सेन्सरने कळवले की हीटर बंद होतो. सेन्सरने ही खबर वेळेआधीच दिली तर हिम अर्धवट वितळते, उरलेले पुन्हा गोठते आणि आठवडाभरात हवेची वाट बंद होते. फ्रीजर कॉइलला खेटून असल्याने काही दिवस गार राहतो. खालचा कप्पा मात्र तापतो.

सेन्सर म्हणजे एक साधा थर्मिस्टर असतो: तापमान उतरले की त्याचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) वाढतो. पंचवीस अंशांना १० किलोओहम दाखवणारा सेन्सर वितळत्या बर्फात, म्हणजे शून्य अंशाला, साधारण २७ ते ३३ किलोओहम दाखवतो. ५ किलोओहमचे सेन्सरही प्रचलित आहेत, त्यामुळे मॉडेल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आवरणाला तडा जाऊन आत ओल शिरली की रोध घटतो आणि कॉइल आहे त्यापेक्षा उबदार असल्याचा पीसीबीचा समज होतो. वायर पूर्ण तुटली तर अनेक मॉडेल पॅनलवर एरर कोड दाखवतात, पण मोजमापात थोडा थोडा ढळलेला सेन्सर काहीच दाखवत नाही, आणि मग दोष दुसऱ्याच भागाच्या माथी मारला जातो.

गॅसचा संशय फेडायला एक चाचणी ग्राहक स्वतः करू शकतो. फ्रीज रिकामा करून प्लग काढावा, दोन्ही दारे दिवसभर उघडी ठेवावीत, मग पुन्हा चालू करावा. पुढचे काही दिवस दोन्ही कप्पे उत्तम गार राहिले आणि नंतर तीच रड सुरू झाली, तर गॅस शाबूत आहे. गेलेला गॅस प्लग काढल्याने परत येत नाही! मेकॅनिकने पडदा काढला की कॉइलही बोलते: हिम सगळीकडे दाट असेल तर डीफ्रॉस्टची बाजू तपासावी, आणि सुरुवातीच्या दोन-चार नळ्यांवरच हिम असून बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅसचा विचार करावा.

त्यापुढचे काम मल्टिमीटरचे, आणि तेही प्लग काढूनच. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॉटच्या हीटरचा रोध ३५० ओहमच्या आसपास यायला हवा आणि थर्मल फ्यूजमधून (फार तापल्यास हीटरचा प्रवाह तोडणाऱ्या भागातून) सलगता मिळायला, म्हणजे प्रवाहाची वाट अखंड असल्याचे दिसायला, हवी. जुन्या मॉडेलमधला बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार आपोआप जुळणारा-तुटणारा स्विच) खोलीच्या तापमानाला उघडाच, म्हणजे प्रवाह तुटलेलाच, दिसतो, तो तसाच दिसायला हवा. हे न कळल्याने कित्येक चांगले थर्मोस्टॅट कचऱ्यात गेले असतील. सेन्सर मात्र बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवूनच मोजावा, कारण खोलीत बरोबर येणारे माप थंडीत चुकू शकते. गृहिणींनी किंवा हौशी मंडळींनी सुरीने बर्फ खरवडण्याच्या फंदात पडू नये. कॉइलला भोक पडले तर खरोखरच गॅस जाईल, आणि हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमधला आर-६००ए हा गॅस ज्वलनशील आहे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठीचे पोर्टलही सुरू केले. घरगुती उपकरणे त्याच्या कक्षेत आहेत. प्रत्येक मॉडेलच्या सेन्सरचा तापमान-रोध तक्ता त्या पोर्टलवर आणि फ्रीजच्या पाठीमागच्या स्टिकरवर छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. तसेच गॅस भरण्यापूर्वी किंवा पीसीबी बदलण्यापूर्वी सेन्सर, हीटर आणि फ्यूज यांची मापे जॉब शीटवर (मेकॅनिकच्या कामाच्या नोंदपत्रावर) लिहिण्याची सक्ती असावी. तोवर ग्राहकांनी ती मापे लेखी मागावीत, बदललेला जुना भाग ताब्यात घ्यावा आणि टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, रत्नागिरी