मधले दोन महिने परत मिळाले, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. टाइमस्केलडीबी (वेळेनुसार येणारे आकडे साठवणारा डेटाबेस) वापरणाऱ्या आणखी कोणाची रात्र वाचली तर तेही बरंच.

त्या रात्री डॅशबोर्ड बघून मी चक्रावलो होतो. सेन्सरच्या आलेखात गेल्या महिन्याचे आकडे जागेवर, तीन महिन्यांपूर्वीचेही जागेवर, आणि मधे कोरी पट्टी. डिस्क भरत आली म्हणून मी नुकतीच रॉ डेटावर, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदींवर, ३० दिवसांची रिटेन्शन पॉलिसी (मुदतीपेक्षा जुना डेटा आपोआप काढणारा नियम) लावली होती. तासागणिक समरी कंटिन्युअस ॲग्रिगेटमध्ये (रॉ डेटावरून आपोआप मोजून ठेवलेल्या सारांशात) साठलेली आहे, रॉ गेला तरी तिला धक्का लागणार नाही, अशी माझी ठाम समजूत.

तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. रॉ किती दिवस ठेवतोस? रिफ्रेश किती मागे जातो? (रिफ्रेश म्हणजे रॉ डेटावरून समरी पुन्हा मोजणं.) मी म्हटलं, ३० आणि ९० दिवस. तुम्ही क्षणभर गप्प झालात. मग म्हणालात, "म्हणजे मधल्या ६० दिवसांचा हिशेब तू रिकाम्या टेबलावरून पुन्हा मांडायला लावलायस."

बिचाऱ्या डेटाबेसने सांगितलं तेच केलं होतं. चंक, म्हणजे ठरावीक काळाच्या ओळींचा तुकडा, उडवला की तेवढ्या काळात बदल झाल्याची नोंद होते. पुढचा रिफ्रेश तिथे पोहोचला की तो पुन्हा मोजायला बसतो, रॉ ओळी सापडत नाहीत, मग समरीच्या ओळीही पुसतो. ९० दिवसांपलीकडे रिफ्रेश जातच नव्हता, म्हणून तिथलं वाचलं. पट्टीची कड ३० ऐवजी ३४ दिवसांवर का, हेही तुम्हीच उलगडलंत: आमचा चंक ७ दिवसांचा, आणि रिटेन्शन काढतं ते अख्खा चंक. त्यातली शेवटची ओळ मुदतीबाहेर गेल्याशिवाय ते हात लावत नाही.

मी घाईघाईने हाताने रिफ्रेश मारायला निघालो होतो, तारखांची दोन्ही टोकं नल, म्हणजे मोकळी, ठेवून. तेव्हा तुम्ही जवळजवळ ओरडलात. तो चालला असता तर उरलेली जुनी समरीही गेली असती. आधी रिटेन्शन आणि रिफ्रेश हे दोन्ही जॉब (आपोआप चालणारी कामं) थांबवायला लावलेत, मग बॅकअपमधून तेवढाच रॉ डेटा मूळ टेबलात भरायला, मग नेमक्या त्या तारखांपुरता रिफ्रेश. शेवटी जुनी रिफ्रेश पॉलिसी काढून नवी लावली, स्टार्ट ऑफसेट, म्हणजे रिफ्रेश किती मागे जातो ते, ७ दिवसांचा. आता रिफ्रेश रॉ डेटाच्या हद्दीतच फिरतो. उशिरा येणारी रीडिंग आमच्याकडे दोनेक दिवसांत येऊन पोचतात, त्यामुळे ७ पुरतात.

जाता जाता आणखी एक चूक पकडलीत. दिवसाची सरासरी मी तासांच्या सरासरींची सरासरी काढून दाखवत होतो. एखाद्या तासात सेन्सर बंद पडून चारच रीडिंग आली, तरी त्या तासाचं वजन इतरांइतकंच. आता समरीत बेरीज आणि संख्या वेगळी ठेवतो, भागाकार शेवटी. रॉ गेल्यावर हे सुधारायला काहीच हातात नसतं, म्हणून हे वेळेत सांगितल्याबद्दल जास्तच आभार.

पहाटे पट्टी भरली. मी हर्षभराने स्क्रीनशॉट पाठवला. तुमचं उत्तर आलं, "रिटेन्शनचा जॉब परत चालू केलास ना?"

केला नव्हता.

तुमचा,
डिस्क पुन्हा भरता भरता वाचलेला एक धाकटा सहकारी