‘पहिल्या महिला बिशप’ कॅथलिक नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत आपण जगभरातल्या ‘पहिल्या’ स्त्रियांचा तक्ता छापलात. त्यात बार्बरा हॅरिस यांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : ‘कॅथलिक चर्चच्या पहिल्या महिला बिशप’. सोबत डोक्यावर पदर घेतलेल्या ननचं चित्र.

माझं सगळं आयुष्य पुण्यात पंचहौदच्या चर्चच्या आसपास गेलं, म्हणून ही ओळ जरा जास्तच खुपली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये बिशप सोडाच, साधा फादरचा अधिकारही आजवर बाईला नाही. हॅरिसबाई अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या. ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परिवारातलं; त्या परिवारातल्या पहिल्या महिला बिशप म्हणजे या बाई. १९७० साली नागपुरात स्थापन झालेलं आपलं ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ही त्याच परिवारातलं. आणि नन? बाई घटस्फोटित होत्या, एका तेल कंपनीत जनसंपर्काचं काम करत होत्या. १९६५ साली कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात चालल्या, मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला गेल्या. पाळकदीक्षा, म्हणजे फादरसारखा अधिकार, मिळाली तेव्हा वयाची पन्नाशी आली होती, आणि धर्मशास्त्राच्या कॉलेजची पदवी नव्हतीच.

तक्त्यात मावणार नाही अशी खरी गोष्ट आहे २९ जुलै १९७४ची. स्त्रियांना पाळक होण्याची मुभा तेव्हा चर्चने दिलेली नव्हती. तरी फिलाडेल्फियाच्या ‘चर्च ऑफ द ॲडव्होकेट’मध्ये पद सोडलेल्या तीन बिशपांनी अकरा जणींना दीक्षा दिली. त्या मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणाऱ्या बाई म्हणजे हॅरिस. तेव्हा त्या कुणी रेव्हरंड नव्हत्या, त्याच चर्चच्या एक सभासद होत्या. चर्चच्या बिशपांनी ती दीक्षा अवैध ठरवली. दोन वर्षांनी नियम बदलावाच लागला.

बोस्टनला ११ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांचा बिशपपदाचा विधी झाला. आठेक हजार माणसं जमली होती. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. पोलिसांनी बुलेटप्रूफ जॅकेट देऊ केलं, ते त्यांनी घातलं नाही. भर विधीत आक्षेपही वाचले गेले. एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही : त्या मॅसॅच्युसेट्सच्या सहायक बिशप झाल्या, मुख्य नव्हे. २००२ साली निवृत्त झाल्या त्याही सहायक म्हणूनच.

त्या विधीला फ्लोरेन्स ली टिम-ओई हजर होत्या. युद्धकाळात पाळकच मिळेनात, म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी १९४४ साली त्यांना दीक्षा दिली होती. युद्ध संपल्यावर दडपण आलं आणि त्यांना ते काम सोडावं लागलं. आपल्या तक्त्यात त्यांचं नावच नाही. अँग्लिकन परिवारातल्या पहिल्या स्त्री-पाळक त्याच.

पंडिता रमाबाईही तक्त्यात आहेत, त्या विधवांच्या कैवारी म्हणून. योग्यच. पण रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चचाच. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. रमाबाई चकित झाल्या. त्यांच्या वडिलांनी वा नवऱ्याने असली हरकत कधी घेतली नव्हती! (शास्त्रीबुवांच्या घरात जे चाललं ते बिशपांना चालेना, याची गंमत मला अजून वाटते.) १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला रमाबाई गेल्या ते शहर फिलाडेल्फियाच. हॅरिसबाईंचं जन्मगाव.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा. जागा कमी असेल तर निदान ते ननचं चित्र तरी काढा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, गुरुवार पेठ, पुणे